सातचा भोंगा

सायंकाळीं सातच्या सुमारास वाशीच्या पुलावरून नव्या मुंबईकडे येणारी लोकल ज्यांनीं नेमानें पकडली आहे, त्यांस पुढील दृश्य नवें वाटणार नाहीं. खिडकीबाहेर खाडीचें पाणी काळवंडत असतें, दूर किनाऱ्यावर दिवे लागत असतात, आणि डब्यांत दाटीवाटीनें उभ्या असलेल्या शें-दीडशें माणसांच्या माना एकाच बेतानें खालीं वाकलेल्या असतात. खाडीकडे कोणी पाहत नाहीं. शेजाऱ्याकडे तर नाहींच. मानखुर्दहून खाडी ओलांडून रेल्वे १९९२ सालीं वाशीस आली, आणि जवळजवळ तेव्हांपासून आम्ही या गाडीचे उतारू आहों. त्या काळीं याच डब्याच्या एका टोंकास भजनी मंडळींचे टाळ वाजत, मधल्या बांकांवर मांडीवर पेटी ठेवून पत्त्यांचा डाव पडे, आणि एका वर्तमानपत्राचीं पानें सुटीं होऊन चार अनोळखी हातांत फिरत. भांडणेंही होत. तीं सर्व माणसें साधुसंत होतीं असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तीं एकमेकांस दिसत होतीं, एवढें खरें.

वाकलेल्या मानांत आमचीही एक असते, हें आधींच कबूल करणें बरें. मागें उन्हाळ्याच्या सुटींत राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेच्या पहिल्या खंडाची प्रस्तावना पुन्हां एकदां सावकाश वाचावी असें आम्हीं योजिलें होतें. १८९८ सालीं निघालेला हा खंड. त्याची प्रस्तावना विद्यार्थिदशेंत आम्हीं दोन रात्रींत वाचून काढिली होती. या खेपेस आठ दिवसांत आमचीं अकरा पानें झालीं. त्याच आठवड्याच्या शेवटीं खिशांतील यंत्रानें, न विचारतांच, आपला हिशेब आमच्यापुढें ठेविला: रोजचे सरासरी चार तास दहा मिनिटें. वाचतांना दर पांच-सात मिनिटांनीं हात आपोआप मेजाकडे जाई. कोणाचा निरोप आलेला नसला तरी जाई. आपला हात आपल्याला न विचारतां जातो, हें पन्नाशी उलटलेल्या आणि दुसऱ्यांस शिकविण्याचा पगार घेणाऱ्या माणसास कळावें, ही शरमेची गोष्ट आहे.

मग प्रश्न उभा राहतो कीं, आमच्या पिढीची इच्छाशक्ति आमच्या वाडवडिलांहून दुबळी झाली काय? व्याख्यानांतून आणि शाळांच्या संमेलनांतून याचें उत्तर 'होय' असें देण्याची वहिवाट आहे. वडीलधाऱ्यांनीं तरुणांकडे बोट दाखवावें, आणि व्यासपीठावरून उतरतांच स्वतःचा मोबाइल उघडावा, असा हा प्रकार आहे. तीस वर्षें इतिहास शिकविल्यानंतर आम्हांस हें उत्तर पटत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, ज्यास आपण आपला संयम समजत होतों तो पुष्कळ अंशीं आपला नव्हताच. तो वस्तूंच्या टंचाईचा होता. टंचाई सरली, तसा तोही सरला. आणि तो पुन्हां उभारावयाचा तर एकट्यादुकट्याच्या निश्चयानें उभारत नाहीं. चारचौघांनीं मिळून घातलेल्या मर्यादेनें उभारतो, असा महाराष्ट्राचाच अनुभव आहे.

संगणकाचीच गोष्ट घ्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत तयार झालेला मोठा संगणक १९६० सालीं चालूं झाला. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्यास 'टिफ्रॅक' हें नांव दिलें. त्याची स्मृति अवघी २०४८ शब्दांची. आज मोबाइलनें काढलेलें एक छायाचित्र जितकी जागा खातें, तितकी जागाही त्या खोलीभर यंत्रापाशीं नव्हती. त्यापुढें बसावयास मिळणें ही पाळीची गोष्ट होती. संशोधकानें आपलें गणित आधीं कागदावर नीट मांडावें, दहादां तपासावें, आणि पाळी आली म्हणजे यंत्रास तें घालावें. यंत्राचा वेळ माणसाच्या वेळेहून मोलाचा होता. अशा यंत्राचें व्यसन कोणास लागणार? ज्या वस्तूपुढें रांग असते, त्या वस्तूविषयीं माणूस आपोआप संयमी होतो.

दूरचित्रवाणीचेंही तसेंच. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालें. कार्यक्रम सायंकाळचे कांहीं तास चालत, आणि मग पडदा काळा होई. आमच्या बालपणीं चाळींत एकाच घरीं संच होता, आणि त्या घरच्या काकूंनीं "पुरे आतां, अभ्यासाला बसा" असें म्हटलें कीं आम्ही सारीं पोरें निमूटपणें उठत असूं. यांत आमचा संयम किती आणि काकूंचा दरारा किती, याचा विचार त्या वेळीं आम्हीं केला नाहीं. पुढें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सामान्य जनांस इंटरनेट खुलें केलें. तें दूरध्वनीच्या तारेवरून येई, गोगलगाईच्या गतीनें येई, आणि येत असे तोंवर घरचा दूरध्वनी अडकून पडे. वाशी-नेरुळच्या गाळ्यांत पुढें तासावर पैसे घेणारे सायबर कॅफे निघाले. तेथें तास भरत आला कीं पोऱ्या मागें येऊन उभा राही. त्याच १९९५ सालीं मोबाइल आला, तेव्हां बोलणाराही पैसे देई आणि ऐकणाराही देई. एकदां घंटी वाजवून बंद करावयाची, म्हणजे पलीकडच्यानें काय तें ओळखावें, ही 'मिस्ड कॉल'ची युक्ति आपल्या लोकांनीं त्या काटकसरींतूनच काढिली. येणारा फोन २००३ सालीं फुकट झाला.

या सर्व व्यवस्थेंत एक गोष्ट समान दिसते. प्रत्येक सुखाला कोठें तरी कांठ होता: पाळीचा, वेळेचा, पैशाचा, तारेचा किंवा काकूंचा. आम्हीं तो कांठ घातला नव्हता. तो वस्तूबरोबरच आला होता. आणि आम्ही त्याच्या आंत राहत असल्यानें आपण मोठे नेमस्त आहों अशी आमची समजूत झाली होती.

पुढें हे कांठ एकेक करून गळून पडले, आणि कांहीं तर हेतुपुरस्सर काढण्यांत आले. पुस्तकाचें पान संपतें, वर्तमानपत्र संपतें. संपणें हीच वाचणाऱ्यास उठण्याची सूचना असते. २००६ सालीं एझा रॅस्किन नांवाच्या अमेरिकन आरेखकानें पडद्यावरचें पान कधींच संपूं नये अशी योजना केली. बोट वर सरकवावें तसतसें खालून नवें येत राहावें. पुढें त्यानेंच या शोधाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. २००९ सालीं फेसबुकावर 'लाइक'चा अंगठा आला, आणि आपलें लिहिणें कोणास रुचलें हें पुन्हां पुन्हां उघडून पाहण्याची ओढ लागली. ही ओढ कां लागते हें मानसशास्त्रज्ञांस नवें नव्हतें. फर्स्टर आणि स्किनर या दोघांनीं १९५७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें होतें कीं, कळ दाबल्यावर दर वेळीं दाणा मिळत असेल तर कबुतर बेताबेतानें कळ दाबतें. परंतु दाणा केव्हां मिळेल याचा नेम नसेल तर तें अविश्रांत टोंचत राहतें. आमचा मेजाकडे जाणारा हात आणि त्या कबुतराची चोंच यांत आम्हांस फारसें अंतर दिसेना.

राहतां राहिला पैशाचा कांठ. तो ५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओची सेवा सुरू झाली तेव्हांपासून झपाट्यानें झिजला. त्या कंपनीचें मोठें ठाणें घणसोलीस, म्हणजे आमच्या घरापासून आगगाडीनें चार-दोन स्थानकांवर आहे. पहिले कांहीं महिने सेवा फुकट होती. २०१४ सालीं ज्या एका जीबीस अडीचशे रुपयांच्या आसपास पडत, ती २०१८ पर्यंत बारा रुपयांच्या आसपास आली. यांत वाईट झालें असें म्हणणारे आम्ही नव्हे. रायगड जिल्ह्यांतल्या पाड्यावरचा आमचा एक विद्यार्थी केवळ यामुळें परीक्षेचा अभ्यास करूं शकला. आम्ही स्वतः परदेशांतील ग्रंथालयांतले दुर्मिळ ग्रंथ घरबसल्या पाहतों. परंतु स्वस्ताई ही नदीच्या पुरासारखी आहे. ती शेत भिजविते आणि बांधही फोडिते. बांध कोणीं घालावयाचा, हा खरा प्रश्न.

अशा वेळीं मागें वळून पाहण्याची इतिहासाच्या शिक्षकास खोड असते. न थकणारें यंत्र आणि थकणारा माणूस यांची गांठ महाराष्ट्रांत पहिल्यानें पडली ती मोबाइलमुळें नव्हे. कावसजी नानाभाई दावर यांची कापडाची गिरणी ताडदेवास १८५६ सालीं चालूं झाली, आणि पुढील तीस वर्षांत मुंबईच्या आकाशांत धुराडीं दिसूं लागलीं. पहाटे भोंगा होई आणि माणसें धांवत. यंत्र आपण होऊन थांबत नव्हतें. परंतु एक कांठ त्यासही होता, आणि तो सूर्यानें घातला होता. अंधार पडला कीं धागा दिसत नसे.

गिरणीकामगारांच्या वतीनें नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं ५५०० सह्यांचा अर्ज केला, त्यांतील मागण्या आज वाचल्या म्हणजे मन थबकतें. रविवारीं सुटी असावी. दुपारीं अर्धा तास विसांवा मिळावा. काम सकाळीं साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावें. मजुरी, दुखापत यांच्या मागण्याही त्यांत होत्या. परंतु मुख्य मागण्या वेळेच्या होत्या. या माणसांस यंत्र नको नव्हतें. यंत्राला कांठ हवा होता. २४ एप्रिल १८९० रोजीं सुमारें दहा हजार कामगार सभेस जमले, दोन स्त्रियाही तेथें बोलल्या, आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. आज ज्या रविवारीं आपण बारा-बारा तास पडद्यासमोर घालवितों, तो रविवार कोणीं मिळवून दिला हें आपण विसरलों आहों.

परंतु गोष्ट येथेंच संपली नाहीं. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे पसरले, आणि सूर्यानें घातलेला कांठ एका रात्रींत नाहींसा झाला. ज्या हातांस संध्याकाळीं विसांवा होता, ते चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास चालूं लागले. प्रकाश ही चांगलीच वस्तु. पण तिनें हें केलें. शेवटीं १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील प्रौढ कामगारांस बारा तासांची मर्यादा पडली. १९२२ सालीं ती आठवड्यास ६० तासांवर, १९३४ सालीं ५४ वर, आणि १९४८ पर्यंत ४८ वर आली. म्हणजे निसर्गानें घातलेला कांठ विजेनें पुसला, आणि तो माणसांनीं पुन्हां आंखावयास चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला. त्या चाळीस वर्षांत कोणा एका विणकऱ्यानें ठरविलें असतें कीं, 'मी मोठा निश्चयी; मी सूर्यास्तास मागावरून उठणार', तर दुसऱ्या दिवशीं त्याची जागा गेली असती. जें एकट्यास अशक्य होतें तें सर्वांस मिळून शक्य झालें.

यावर कोणी म्हणेल, गिरणींत बळजबरी होती. मोबाइल कोणीं बळेंच हातीं दिला? तो आपण होऊन घेतों. यास जुलूम म्हणूं नये, व्यसन म्हणावें. हा आक्षेप खरा आहे, परंतु अर्धाच. व्यसन हा शब्दही जपून वापरावा लागतो. १९९५ सालीं आयव्हन गोल्डबर्ग या न्यूयॉर्कच्या मनोविकारतज्ज्ञानें इंटरनेटच्या व्यसनाचीं लक्षणें थट्टेनें लिहून काढिलीं, आणि लोकांस तीं आपलींच वाटलीं. पुढच्याच वर्षीं किंबर्ली यंग या विदुषीनें त्याच विषयावर गंभीरपणें निबंध वाचला. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें २०१४ सालीं अशा रुग्णांसाठीं निराळा दवाखाना उघडला. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं खेळांच्या अनावर नादास विकारांच्या यादींत घेतलें, आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आली. आपल्या केंद्र सरकारनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस २०२५ सालीं कायद्यानें बंदी केली. जे खरोखर या विकाराच्या कचाट्यांत सांपडले आहेत त्यांस वैद्य पाहिजे, उपदेश नको. परंतु आमच्यासारखे जे लक्षावधि लोक रुग्ण नाहींत आणि मोकळेही नाहींत, त्यांनीं काय करावें?

ॲरिस्टॉटलनें या अवस्थेचा विचार मोठ्या बारकाईनें केला आहे: जें करूं नये हें कळतें, तेंच माणूस करतो. आपल्याकडे गीतेंत आणि योगसूत्रांत चंचल मनावर अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगितले आहेत. पण शास्त्रांनीं उपाय सांगितला आणि समाजानें त्यास हातभार लावला, हें आपण विसरतों. आषाढी एकादशीस उपास घडतो तो केवळ आपल्या निग्रहानें घडत नाहीं. त्या दिवशीं घरांत चूल निराळी पेटते, शेजारच्या घरींही भात शिजत नाहीं, आणि दुकानांत साबुदाणा पुढें येऊन बसतो. व्रत एकट्याचें असतें, पण तिथि सर्वांची असते. होमरच्या महाकाव्यांतील युलिसिसानें जलपऱ्यांच्या गाण्यास भुलूं नये म्हणून स्वतःस डोलकाठीस बांधून घेतलें, ही कथा आम्हीं वर्गांत अनेकदां सांगितली आहे. परंतु त्यास बांधणारे हात दुसऱ्यांचे होते, आणि कानांत मेण घालून तेच वल्हीं मारीत होते, ही गोष्ट आमच्या ध्यानांत फार उशिरां आली.

ती आमच्या ध्यानांत आणून दिली सांगली जिल्ह्यांतल्या एका गांवानें. कडेगांव तालुक्यांत मोहित्यांचे वडगांव नांवाचें सुमारें तीन हजार वस्तीचें गांव आहे. टाळेबंदीच्या काळांत शाळा मोबाइलवर भरूं लागली. शाळा पुन्हां इमारतींत भरली, तरी मोबाइल मुलांच्या हातांतून निघेना, आणि घरच्या वडील माणसांच्याही निघेना. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशीं तेथें महिलांची ग्रामसभा भरली. सरपंच विजय मोहिते यांनीं विषय काढिला, आणि ठरलें कीं रोज सायंकाळीं सात वाजतां देवळावरचा भोंगा वाजेल. तो वाजला कीं गांवांतील सर्व मोबाइल आणि दूरचित्रवाणीचे संच बंद. साडेआठास दुसरा भोंगा होईल, मग ज्यानें त्यानें हवें तें करावें. पहिल्यानें लोक हंसले. मग अंगणवाडीच्या सेविका, आशाताई, ग्रामपंचायतीचे नोकर आणि निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन समजूत घालूं लागले. त्या दीड तासांत मुलें अभ्यासास बसूं लागलीं, मोठीं माणसें वाचूं-बोलूं लागलीं. पुढें बेळगांवजवळच्या हलगा या गांवानें २०२४ च्या अखेरीस असाच भोंगा बसविला, आणि वेळ सात ते नऊ ठेविली.

एके काळीं भोंगा माणसांस यंत्राकडे बोलावीत असे. वडगांवचा भोंगा त्यांस यंत्रापासून परत बोलावितो. हा भोंग्याच्या इतिहासांतला पालट आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो. तो ज्या मुलखांत झाला तेंही ध्यानांत घ्यावें. सांगली हा जिल्हा १९४९ सालीं दक्षिण सातारा या नांवानें निराळा झाला आणि १९६० सालीं त्यास आजचें नांव मिळालें. त्यापूर्वीं हा भाग जुन्या सातारा जिल्ह्यांत होता, आणि तेथें १९४३ पासून १९४६ पर्यंत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या पत्री सरकारनें गांवोगांव लोकांचा कारभार चालविला. त्या कारभारांत दारूबंदी होती, आणि कमी खर्चाचीं लग्नें होतीं. वडगांवचा ठराव त्या चळवळीचा वंशज आहे असा दावा आम्ही करीत नाहीं. तसा पुरावा आमच्यापाशीं नाहीं. परंतु गांवानें जमून आपल्याच एका संवयीस मुरड घालावी, ही गोष्ट त्या मातींत अगदींच परकी नव्हे.

त्याच सालीं, २०२२ च्या नोव्हेंबरांत, यवतमाळ जिल्ह्यांतील पुसद तालुक्यांतल्या बान्सी या गांवानें दुसरा मार्ग धरिला. अठरा वर्षांखालील मुलांस मोबाइल बंद, आणि नियम मोडल्यास २०० रुपये दंड, असा ठराव ग्रामपंचायतीनें केला. त्या गांवची कळकळ आम्हांस मान्य आहे. तथापि दोन ठरावांतील भेद लहान नाहीं. एकानें मुलांस बांधिलें. दुसऱ्यानें सर्वांस बांधून घेतलें. एकानें वस्तु काढून घेतली; दुसऱ्यानें तिला वेळ नेमून दिली. बाप पडद्यावर बोट फिरवीत असतांना मुलास 'ठेव तो मोबाइल' म्हणतो, तेव्हां मूल शिकतें तें एवढेंच कीं मोठें झालें म्हणजे असें करावयास मिळतें.

येथें व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न निघेल, आणि निघावाही. जॉन स्टुअर्ट मिल्लचा 'लिबर्टी' हा निबंध १८५९ सालचा. त्यावर आमच्या आजोबांच्या पिढीपासून सुशिक्षितांचें पोषण झालें आहे. प्रौढ माणसाच्या हितासाठीं म्हणून त्याच्यावर सक्ति करूं नये, हें त्यांतलें तत्त्व आम्हांसही शिरोधार्य आहे. उद्यां भोंग्याच्या निमित्तानें कोणी शेजाऱ्याच्या घरांत डोकावूं लागला, तर आम्हीच प्रथम त्यास विरोध करूं. पण ज्या स्वातंत्र्यांत हात आपल्याला न विचारतां मेजाकडे जातो, त्यास स्वातंत्र्य म्हणावें काय, हाही प्रश्न मिल्लच्या भक्तांनीं स्वतःस विचारावा. वडगांवनें दिवसाचे साडेबावीस तास ज्याचे त्यास ठेविले आहेत. दीड तास मात्र सर्वांचा केला आहे.

खेड्यास देऊळ आहे, ग्रामसभा आहे, एकमेकांचीं नांवें ठाऊक आहेत. नव्या मुंबईनें काय करावें? चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनीं १९६५ सालीं खाडीपलीकडे नवें शहर वसविण्याची कल्पना मांडिली. १९७० सालीं सिडको स्थापन झाली. आणि आंखणारांनीं रूळ, रस्ते, बाजार, बागा, शाळा या सर्वांस जागा नेमून दिल्या. जागेची आंखणी इतकी नीट झालेलें शहर आपल्या देशांत विरळा. वेळेची आंखणी मात्र कोणीं केली नाहीं, आणि ती करणें आंखणारांचें कामही नव्हतें. ऐरोली-महाप्याच्या कचेऱ्यांत रात्रपाळ्या चालतात, साऱ्या देशाची माहिती सांठविणारीं यंत्रें तेथें अहोरात्र गुणगुणत असतात, आणि एकाच मजल्यावरचीं चार घरें चार निरनिराळ्या वेळीं जेवतात. अशा शहरांत कोणतें देऊळ भोंगा वाजविणार?

आम्हीं गेल्या वर्षीं आषाढीपासून कार्तिकीपर्यंत एक लहानसा प्रयोग केला, त्याची हकीकत सांगून हा लेख पुरा करितों. रात्रीं साडेआठ ते साडेनऊ घरांतले सर्व मोबाइल पोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत ठेवावयाचे, असें आम्हीं ठरविलें. चौथ्याच दिवशीं कामावरचा निरोप आला असेल या सबबीवर आम्हींच डबा उघडिला. निरोप नव्हता, एका परिचितानें सुप्रभात म्हणून सकाळीं पाठविलेलें फुलाचें चित्र होतें. कन्या कांहीं बोलली नाहीं, पण डब्याचें झांकण तिनें मुद्दाम वाजवून लाविलें. पंधरा दिवसांत प्रयोग बहुतेक बुडाला. मग एके दिवशीं समोरच्या घरचे गृहस्थ पोळ्यांच्या डब्याची गोष्ट ऐकून खूप हंसले, आणि म्हणाले, "सर, आमचेही ठेवा कीं त्यांत." तेथून गोष्ट बदलली. एकाचीं दोन घरें झालीं, दोनांचीं पांच झालीं. जिन्याजवळच्या मोकळ्या जागेंत कोणीं जुना कॅरम आणून ठेविला. वरच्या मजल्यावरच्या आजी, ज्यांचें नांव सात वर्षांत आम्हांस ठाऊक नव्हतें, त्या मुलांस भेंड्या शिकवूं लागल्या. भोंगा नव्हता, साडेनऊ वाजले कीं आमची कन्या देवघरांतली घंटा वाजवी. डबा उघडण्याचा मोह आम्हांस पूर्वींइतकाच होई. पण आतां पांच घरांचे फोन त्यांत असत, आणि तो एकट्यानें उघडणें बरें दिसत नसे. एवढ्याशा संकोचानें जें साधलें तें आमच्या सर्व निश्चयांनीं साधलें नव्हतें.

कार्तिकीस हिशेब केला तेव्हां पांचांपैकीं तीन घरें टिकलीं होतीं. एका घरीं रात्रपाळी लागली, दुसऱ्यांस कंटाळा आला. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. आमचे चार तास दहा मिनिटें दोन तास पन्नास मिनिटांवर आले. ही मोठी मिळकत नव्हे, पण राजवाड्यांची प्रस्तावना वाचून झाली, आणि दुसरा खंड मेजावर आहे. लोखंड्यांचा अर्ज आणि १९४८ चा कायदा यांत चौसष्ट वर्षें गेलीं. तेव्हां पांच घरांच्या चार महिन्यांवरून कोणताच सिद्धांत काढूं नये. आमची विनंति इतकीच कीं, ज्या वाचकांनीं आपल्या गांवीं, वाडींत किंवा बिऱ्हाडीं अशी सामाईक वेळ ठेवून पाहिली असेल, त्यांनीं आपला अनुभव, फसला असला तरीही, या मासिकाकडे लिहून पाठवावा.